इस्त्रीला येणारी बाई

मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. वजनाला चांगली भक्कम, तळाला गुळगुळीत आणि स्वभावाने थोडी हट्टी. मला हलकी म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. माझ्या पोटात निखारे घालायचे, झाकण लावायचे आणि मूठ धरून मला कापडावरून फिरवायचे, एवढेच माझे काम. पण मित्रांनो, ते करता करता मी एका आईला आणि तिच्या मुलीला फार जवळून पाहिले. ते सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतले आणि मी गार होऊन बाहेर आले. मग माझा तळ घासला, बाजूला हवेसाठी भोके पाडली आणि वर लाकडी मूठ बसवली. दुकानाच्या फळीवर मी तीन महिने नुसती बसून होते. एके दिवशी एक बारीक चणीची बाई आली. तिने मला एका हाताने उचलले, तळहात माझ्या तळावरून फिरवला आणि दुकानदाराला म्हणाली, "ही द्या. ही कुठे खरखरीत नाही." त्या दिवसापासून मी तिची झाले.

तिचे दुकान म्हणजे गल्लीकडे उघडणारी एक खोली. पुढे मोठे टेबल, त्यावर चौपदरी घोंगडी आणि वर पांढरी चादर. मागे पडदा, आणि पडद्यामागे संसार. नवरा कधीच वारला होता. एक मुलगी होती, तिला सगळे बारकी म्हणत. बारकी टेबलाखाली रांगली, टेबलाला धरून उभी राहिली आणि टेबलाच्या कोपऱ्यावरच अक्षरे गिरवायला शिकली.

अक्षरांच्या आधी मात्र ती एक गोष्ट शिकली होती. माझ्या भोकांतून कधी कधी राखेचा कण उडतो आणि पांढऱ्या कापडावर बसतो. कुणीही पटकन हाताने तो पुसायला जाईल. तिथेच सगळे बिघडते, कारण पुसलेली राख काळी रेघ होऊन कापडात मुरते आणि मग साबणालाही दाद देत नाही. राख फुंकायची असते. तीही वरून नाही, तर वाकून, गाल कापडाला जवळजवळ टेकवून, आडवी आणि हलकी. बारकी तीन वर्षांची असताना तिला हे येत होते. गिऱ्हाइके कौतुकाने बघत राहत आणि ती आणखी गाल फुगवी.

आईचा कामात हात धरणारे कुणी नव्हते. इतक्या वर्षांत तिने एक रुमालसुद्धा जाळला नाही. कापडावर मला कधी थांबू द्यायचे नाही, हा तिचा नियम. बोलायचे असेल तर ती आधी मला उचलून बाजूच्या लोखंडी टेकणावर ठेवी आणि मग तोंड उघडी. त्यामुळे ती फार कमी बोलायची.

बारकी हुशार निघाली. परीक्षेत पहिली आली आणि टेकडीवरच्या मोठ्या शाळेत तिला फी माफ होऊन जागा मिळाली. तिथे मोठ्या घरच्या मुली येत. तिच्या आईने तर कंबरच कसली. रोज सकाळी पहिला निखारा बारकीच्या कपड्यांसाठी. स्कर्टच्या चुण्या अशा बसत की मोजून घ्याव्यात, आणि कॉलर कागदासारखी ताठ. गणवेश जुना होता, पण माझ्या तळाखालून गेल्यावर कुणाची छाती होती त्याला जुना म्हणायची!

आणि तिथेच घोटाळा झाला. वर्गातल्या मुलींना वाटले, एवढे नीटनेटके कपडे म्हणजे घरी नोकरचाकर असणार. जज्जसाहेबांची मुलगी तिची मैत्रीण झाली होती. तिने एकदा सहज विचारले, "तुमच्याकडे इस्त्री कोण करतं गं?"

बारकी म्हणाली, "एक बाई येते."

हे मला कसे कळले? बारकीनेच सांगितले. त्या दिवशी आई कपडे पोचवायला गेली असताना ती टेबलापाशी बसली आणि माझ्याकडे बघत तेच वाक्य दोनतीनदा पुटपुटली. "एक बाई येते. एक बाई येते." जणू जमते का ते पाहत होती. मला राग आला. पण मी पडले लोखंड, बोलणार काय? आणि खरे सांगायचे तर तिचा चेहरा इतका उतरला होता की राग फार वेळ टिकला नाही.

एक खोटे बोलले की त्याची निगा राखावी लागते. बारकी भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालू लागली, कारण मनगटावर माझ्या चटक्याचा डाग होता. धुराचा वास जावा म्हणून ती रोज केस धुऊ लागली. एकदा आईला म्हणाली, "तू शाळेच्या रस्त्याने कपडे घेऊन जात जाऊ नकोस. केवढं ऊन असतं तिकडे."

आईने मला टेकणावर ठेवले. जरा वेळ मुलीकडे बघितले आणि म्हणाली, "बरं. मागच्या गल्लीने जाईन." मागच्या गल्लीत झाडाचे एक पान नव्हते.

शेवटच्या वर्षी मोठी संधी आली. जज्जसाहेबांच्या मुलीला शिकायला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात पाठवायचे ठरले. तिच्या सोबतीला एक हुशार मुलगी हवी होती. तिचे राहणे, जेवण, पुस्तके, सगळे जज्जसाहेबांकडून. बाईसाहेब, म्हणजे जज्जसाहेबांच्या पत्नी, चार मुलींना चहाला बोलावून त्यांतली एक निवडणार होत्या. बारकीने त्या जागेचा ध्यासच घेतला. तिला वाटे, तिथे गेले की ही गल्ली, हा धूर, हे टेबल सगळे मागे पडेल. आईला तिने एवढेच सांगितले, "मैत्रिणीकडे चहाला जातेय."

त्याच दुपारी बाईसाहेबांचा माणूस आमच्या दाराशी आला. घरात पाहुण्या येणार होत्या आणि टेबलावर घालायच्या लांब चादरी इस्त्री करून नेल्या तर वाटेत चुरगळतात. म्हणून इस्त्री घेऊन घरीच या, असा निरोप होता. आईने मला आणि कोळशाची पिशवी उचलली. हे मुलीच्या मैत्रिणीचे घर आहे, तिथे आपली मुलगी येणार आहे, याची तिला काही कल्पना नव्हती.

दिवाणखान्याला लागून एक खोली होती. तिथे माझे काम सुरू झाले. दार उघडे होते. थोड्या वेळाने मैत्रिणीचा हात धरून हसत हसत बारकी आत आली. मैत्रिणीला फ्रॉकची रिबन सरळ करून हवी होती.

बारकीने आईला पाहिले आणि तिचे हसू जागच्या जागी विरले. आईनेही तिला पाहिले. मग आईने मान खाली घातली आणि मला पुढे ढकलले. ओळख दाखवली नाही.

मैत्रीण टेबलाला टेकून उभी होती. तेवढ्यात माझ्या भोकातून राखेचा एक कण उडाला आणि तिच्या पांढऱ्याशुभ्र फ्रॉकवर बसला. ती हाताने झटकणार, तोच बारकी ओरडली, "हात लावू नकोस!" आणि वाकली, गाल कापडाला टेकवला, आडवी हलकी फुंकर घातली. कण उडून गेला. फ्रॉकवर काही म्हणता काही राहिले नाही.

दारात बाईसाहेब उभ्या होत्या. त्यांनी भुवया उंचावल्या. "अरे वा! हे कुठे शिकलीस तू?"

असे फुंकणे चार भिंतींच्या शाळेत कुणी शिकवत नाही. बारकी गोरीमोरी झाली. मला वाटले, आता ही सांगेल. तिच्या ओठांवर आलेही होते, ते मी पाहिले. पण ती म्हणाली, "आमच्याकडे इस्त्रीला एक बाई येतात ना, त्यांच्याकडून."

बाईसाहेब आईकडे वळल्या. "म्हणजे तुम्हीच का?"

आईने मान वर केली. "हो, बाईसाहेब. मीच जाते त्यांच्या घरी. मोठ्या गुणी आहेत ताई."

आपल्या पोटच्या पोरीला ती ताई म्हणाली.

तेवढ्यात करपल्याचा वास सुटला. बोलताना तिने मला टेकणावर ठेवले नव्हते. मी चादरीवर तशीच उभी होते. तिने उचलले तेव्हा माझ्या आकाराचा पिवळट डाग पडलेला होता. "अहो बाई, लक्ष कुठे आहे तुमचं?" बाईसाहेब म्हणाल्या. आई म्हणाली, "चुकले, बाईसाहेब."  बारकी मैत्रिणीबरोबर दिवाणखान्यात गेली.

जागा तिलाच मिळाली. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिला वाटत होते, आई बोलेल, रागावेल, निदान रडेल तरी. आईने फक्त विचारले, "खाल्लंस का तिथे काही?" बारकी "हो" म्हणाली. तो विषय तिथे मिटला तो कायमचा. पुढचे आठ दिवस आई तिच्या प्रवासाचे कपडे इस्त्री करत होती. एकेका घडीवरून तिने मला चारचारदा फिरवले.

पुढची वर्षे भरभर गेली. बारकी शिकली, शिकवू लागली, कॉलेजची प्राचार्य झाली. विजेच्या इस्त्र्या आल्या आणि आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा बारकीने तिला आपल्या घरी आणले. वाईट वागवले असे मी मुळीच म्हणणार नाही. मऊ गादी दिली, डॉक्टर दिला, दूध दिले. आईने गाठोड्यात बांधून मलाही आणले होते. माझी रवानगी अडगळीत झाली आणि अंगावर गंज चढू लागला.

मग एकदा काळ फिरला. गरिबीतून वर आलेल्या माणसांचे लोक कौतुक करू लागले. बारकीने मला बाहेर काढले, घासले, तेल लावले आणि दिवाणखान्यातल्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवले. आलेल्या प्रत्येकाला ती सांगे, "ही माझ्या आईची इस्त्री. हिच्यावरच मी शिकले." सांगताना तिचा आवाज भरून येई आणि तो खरोखरच भरून येई. पाहुणे "वा! वा!" म्हणत. मीही फुशारले होते, खोटे कशाला बोलू?

पण दाराची घंटा वाजली की मागच्या खोलीचे दार आतून लोटले जाई. आईला तसे कुणी सांगितलेले नव्हते. पण तिला बाहेर बोलवावे, असेही कुणाला सुचले नव्हते.

एका रविवारी कॉलेजातली एक नवी शिक्षिका आली. तिने मला दोन्ही हातांनी उचलले आणि म्हणाली, "बाप रे, केवढी जड! तुमच्या आई आहेत का? मला भेटायचंय त्यांना."

बारकीने मागच्या दाराकडे पाहिले. "आहे ना. आत आहे," म्हणाली आणि उठली. मागच्या खोलीचे दार मला समोरच दिसत होते.

"आई, बाहेर ये. पाहुण्या आल्यात, त्यांना तुला भेटायचंय."

आई उठली. केस सारखे केले, कपड्यांच्या सुरकुत्या हाताने सरळ केल्या. उंबऱ्याशी येऊन थांबली आणि पाहुणीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने विचारले, "मी कोण म्हणून येऊ?"

टोमणा नव्हता तो. कॉलरला खळ किती घालू, असे गिऱ्हाइकाला विचारावे तसे तिने विचारले होते.

बारकी भिंतीला धरून उभी राहिली.  मग तिने आईचा हात आपल्या हातात घेतला आणि तिला बाहेर आणले. "ही माझी आई," ती म्हणाली आणि तिने खुर्ची पुढे ओढली. आई खुर्चीत नीट बसली. पाहुणीने काहीबाही विचारले. कोळसे कसे पेटवायचे, रेशमाला किती आच द्यायची, हे सगळे ती सांगू लागली. दिवेलागणीपर्यंत सांगत होती. तिला इतके बोलताना मी कधी ऐकले नव्हते.

त्या दिवशी माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही, आणि मला त्याचे काही वाटले नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला आज पुसले नाहीत तरी चालेल. आम्ही लोखंडाच्या, वाट बघू शकतो. पण ज्या हातांनी आम्हाला वापरले ते हात अजून घरात असतील, तर आधी आतल्या खोलीत जा आणि त्यांना बाहेर बोलवा.