पाहुण्यांचं मडकं

पाणी तपासणारी बबिता महागावहून तांड्यात आली, तेव्हा देवसिंग तिची वाटच बघत होता. त्याच्या बायकोला, हंसाबाईला, जाऊन महिना झाला होता. किडन्या गेल्या होत्या. डॉक्टर एकच विचारत राहिला, "पाणी कुठलं पिता?"

मशीनचं. तांड्याच्या बोअरवर कंपनीनं फिल्टरचं मशीन बसवलं, तेव्हा लोकांनाही शेअर दिले होते. हंसाबाईनं केसांतल्या चांदीच्या घुगऱ्या मोडून शेअर घेतला आणि "आता आपून पाण्याचे मालक" म्हणत दिवसभर मिरवली.

"मॅडम, तुमच्या कागदावर पाणी दरवेळी पास," देवसिंग म्हणाला. "मंग माही बाई काहून मेली?"

"काका, मी मनानं नाही लिहीत. मी दुपारी येते तेव्हा मशीनला कुलूप असते. काकूच प्यायचं पाणी भरून देत. आज तुम्ही द्या, तुमच्यासमोर तपासते."

देवसिंगनं चुलीजवळच्या मडक्यातून बाटली भरून आणली. बबितानं काचेच्या नळीत पाणी घेऊन औषध टाकलं. आधी गुलाबी दिसलं, मग बघता बघता पिवळं पडलं.

बबिता उठून उभी राहिली. "काका, यात फ्लोराइड आहे, किडनीला घातक. लय जास्त. कुठून आणलं हे?"

"मशीनचंच. सकाळचं."

"पण काकू तर या मडक्यातलं देत होत्या."

तिनं दारातल्या ओट्यावरच्या मडक्याकडे बोट दाखवलं. देवसिंग त्या मडक्यापाशी गेला. तो खाली बसला.

ते मडकं पाहुण्यांचं होतं. दारी आलेल्याला चांगलंच पाणी द्यायचं, म्हणून हंसाबाई तांड्यातल्याच शंकरसिंगच्या लांबच्या शेतातल्या विहिरीचं गोड पाणी डोक्यावर आणून ते भरायची. घरच्यांनी त्याला हात लावायचा नाही. बबिता सरकारची असली तरी दारी आलेली. तिची बाटली हंसाबाई दुसरीकडून कशाला भरेल?

बबितानं ओट्यावरचंही पाणी तपासलं. गुलाबी ते गुलाबीच राहिलं. "काका, रिपोर्टसाठी एक बाटली लॅबला न्यावी लागेल," ती म्हणाली.

तेवढ्यात मशीन चालवणारा बबनराव बबिताची गाडी पाहून आला. पिवळी नळी बघून त्याचं तोंड उतरलं.

"फिल्टर बदलला नाही का रे?" देवसिंगनं विचारलं.

"दिवाळीले नफा भेटला तवा नाही विचारलं! फिल्टर बदलत राह्यलो असतो, तर तो नफा कुठून आला असता, भाऊ?"

त्या नफ्यातून हंसाबाईनं देवसिंगला सदरा घेतला होता. आत्ता अंगात तोच होता.

बबनराव जवळ बसला. "हे पाह्य, घरचं पाणी लॅबले गेलं तं मशीन बंद. शेअर मातीत. बाईच्या घुगऱ्या त्यातच हायेत ना? मॅडम पाव्हण्या हायेत. पाव्हण्याचं पाणी देऊन टाक."

समोरच्या ओट्यांवर बायका सकाळी मशीनवर भरलेल्या कॅन मडक्यांत ओतत होत्या. देवसिंग त्यांच्याकडे बघत राहिला. मग उठला, आत गेला आणि चुलीजवळचं मडकंच उचलून घेऊन आला. मडकं हिंदकळून पाणी सदऱ्यावर सांडलं.

"मॅडम, आजपासून तुमी पाव्हण्या नाही," तो म्हणाला. "घरच्या हाय. आमी पेतो तेच न्या."

बबितानं नवी बाटली पुढं धरली.