एका ताग्यातली चार पोरं

रविवारी कळंब्याच्या तळ्यावर जायचं ठरलं, तेव्हा मोहसीन टेलरनं एका ताग्यातून चार कपडे बेतले. पिवळं कापड, त्यावर काळ्या चौकड्या. त्याची पाच वर्षांची तैबा आणि बहिणीची अफशीन यांना फ्रॉक, तीन वर्षांचा रिजवान आणि बहिणीचा सोहेल यांना शर्ट. "गर्दीत कुठंबी असूदेत, लांबनं दिसतील," तो बायकोला, शबनूरला म्हणाला. "आता तरी जिवाला घोर लावून घेऊ नगंस." उरलेल्या तुकड्याची त्यानं डब्यांसाठी पिशवी शिवली. चिंधीसुद्धा वाया घालवली तर या माणसाला झोप लागत नसे.

शबनूरचं माहेर राधानगरीचं. धरणाच्या गावात वाढलेल्या माणसाला पाण्याचं कौतुक नसतं. तिच्या वर्गातली एक मुलगी पाय धुवायला म्हणून काठावर गेली होती, ती पुन्हा वर्गात आली नाही. त्यामुळे तळ्याकाठी सतरंजी पसरल्यापासून शबनूरचं एकच चाललं होतं, पोरं मोजणं. कांदा चिरताना एक, दोन, तीन, चार. अंडी सोलताना पुन्हा एक, दोन, तीन, चार.

"मोजून मोजून झिजतील की गं पोरं," मोहसीन म्हणाला.

नणंद नुजहत हसली. "तिकडं पाठ करून बस, शबनूर. पाण्याजवळ जायचं न्हाय म्हणून मी बजावलंय त्यास्नी. चार घास खा बघू सुखानं."

शबनूरला राग आला. घोर काय कुणी हौसेनं लावून घेतं? पण आलेल्या दिवसावर विरजण नको, म्हणून ती पाण्याकडं पाठ करून बसली. दोन घास गिळले आणि न राहवून मान वळवली. झाडांखाली चार पिवळे कपडे दिसत होते. तीन पळत होते, एक बाभळीपाशी गप्प थांबला होता. लपाछपीत राज्य आलं असेल. तिला हायसं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिला खिम्याची चव कळली.

भाकरी संपते न संपते तोच अफशीन आली, हातात डब्यांची पिशवी घेऊन. "मुमानी," ती मामीला म्हणाली, "ही बाभळीला अडकवलीती. काकडी हाय का हिच्यात?"

मुंग्या लागू नयेत म्हणून मोहसीननंच ती खालच्या फांदीला अडकवली होती. शबनूर पिशवीकडं बघतच राहिली. पिवळं कापड, काळ्या चौकड्या. तिनं मोजलेलं चौथं पोर तिच्या डोळ्यांसमोर लोंबत होतं.

"रिजवान कुठाय?"

"तुमच्याजवळ न्हाय व्हय?"

शबनूर उठली, हात न धुताच पळाली. शेजारच्या सतरंजीवर एक म्हातारी बसली होती आणि पलीकडं पाच-सहा उघडी पोरं चिखलात खड्डा खणत होती.

"मावशी, पिवळा चौकड्यांचा शर्ट घातलेलं बारकं पोरगं बघितलासा?"

"न्हाय बाई. चौकड्याचं कुणी न्हाय आलं हिकडं."

तिनं बांध पालथा घातला. पायऱ्या बघितल्या, भेळेच्या गाडीमागं बघितलं, भेटेल त्या माणसाला पिवळा चौकड्यांचा शर्ट विचारला. तोंडात फक्त अल्लाचं नाव होतं. तेवढ्यात नुजहतनं तिचा दंड घट्ट धरला. काठच्या गवतापलीकडं पाण्यावर पिवळं काहीतरी तरंगत होतं.

मोहसीन चपलांसकट पाण्यात शिरला. त्याला धड पोहता येत नव्हतं. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. त्यानं ते पिवळं ओढून वर धरलं. शर्ट होता, रिकामा. तो तसाच बगलेत मारून मोहसीन दोन्ही हातांनी पाण्याखाली चाचपडू लागला, आणि ते बघताना शबनूरला वाटलं, आपण आता इथून घरी कधीच जाणार नाही.

"अम्मी, अब्बा पाण्यात का गेल्यात?"

ती गर्रकन वळली. मागं रिजवान उभा होता, उघडा, नखशिखांत चिखलानं माखलेला, हातात कुणाच्या तरी घरची काकडी. त्याच्यामागं मघाची म्हातारी.

"ह्यो व्हय तुमचा? कवाधरनं आमच्या पोरांत खेळतोय की. शर्ट भिजला म्हणून त्यानंच काढून भिरकावला म्हणं." म्हातारीनं शबनूरकडं नीट बघितलं. "तुम्ही चौकड्याचं इचारलासा. तोंड कसं हाय ते सांगायचं हुतं, बाई."

शबनूरनं रिजवानच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याला असा आवळला की तोच रडायला लागला. मघाशी त्या उघड्या पोरांवरून तिची नजर फिरली होती. तो तिथंच होता, दहा पावलांवर. ती कापड शोधत होती.

मोहसीन निथळत काठावर आला. शर्ट पिळून त्यानं खांद्यावर टाकला. बायकोकडं न बघता तो हळूच म्हणाला, "शबनूर, मोज की एकदा."

तिनं मोजलं नाही. एकेकाची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं. "अफशीन," ती म्हणाली. "सोहेल. तैबा." रिजवानपाशी आल्यावर मात्र ती नुसती पदरानं त्याच्या तोंडावरचा चिखल पुसत राहिली.