साध्या पाण्याचे उंदीर

गुंगी दिलेल्या उंदराला सगुणाबाईने टेबलावर उताणं निजवलं. डॉक्टर ज्युडिथने त्याच्या भादरलेल्या पोटावर गार जेल लावलं आणि नव्यानेच आलेल्या सोनोग्राफी मशीनचा दांडा टेकवला.

धाटावच्या या प्रयोगशाळेत नवं तणनाशक उंदरांना पाण्यातून पाजायचं आणि पोटात गाठी धरतात का ते पडद्यावर बघायचं, असं काम चाले. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. नुसत्या पाण्याचे उंदीर म्हणजे सगुणाबाईचे जावईच. त्यांच्यात काही निघायचं कारणच नव्हतं.

पडद्यावर यकृतात काळा डाग उमटला.

"हा औषधाचा ना?" ज्युडिथने विचारलं.

"नाय ओ. साध्या पान्याचा."

दुसरा घेतला. तोही तसाच. तिसऱ्याचा डाग तर वाटाण्याएवढा.

"सगुणाबाई, पिंजरे धुताना अदलाबदल झाली का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

"देवाशप्पत नाय. शेपटीवर खुना हायत, बघा की."

खुणा बरोबर होत्या.

"पाणी फिल्टरचंच भरता ना?"

सगुणाबाई हसली. कधीतरी हे विचारलं जावं, असं तिला वाटतच होतं.

"त्या पान्याला वास मारतो, मॅडम. औषधवाल्यांचं तुम्ही कालवून देता, तिथं माझा इलाज नाय. पन ह्यांना मी घरनं आनते, आमच्या विहिरीचं. दारात आलेल्याला कंपनीचं पानी कोन देतं?"

कौतुकाची वाट बघत ती उभी राहिली. कंपन्यांचं सांडपाणी नेणारा नाला शेतांतून थेट सगुणाबाईच्या गावाच्या अंगाला जातो, हे ज्युडिथला आत्ता आठवलं.

"ते पाणी घरी कोण पितं?"

"सगलीच. अख्खा गाव पितो." बोलता बोलता सगुणाबाईची नजर पडद्यावर गेली आणि तिचं हसू मावळलं. "सून पिते. पोटुशी हाय ती."

ज्युडिथने मशीनचा दांडा खाली ठेवला.

"उद्या तिला रोह्याला दवाखान्यात आणा. मी येते तिथे."

"तिचं मागनं."

सगुणाबाईने उंदीर पिंजऱ्यात ठेवला, कडी लावली, हात धुतले. मग टेबलाशी येऊन तिने पोटावरचा पदर बाजूला केला.

"आधी माझं बघा. लगीन होऊन आले तवापासनं पितेय."