दुलईखालचा काळोबा

मित्रांनो, खुराड्यामागच्या गवतात लोखंडी पायांवर तिरका टेकलेला जो काळा पत्रा दिसतो ना, तो मी. एक म्हातारा सोलर पॅनेल. घरातले मला काळोबा म्हणतात. या जन्मात मी इतके धक्के खाल्लेत की माझी काच अजून शाबूत कशी, याचं मलाच नवल वाटतं.

मी मूळचा वाळूतला. वाळू वितळवून, गाळून, तिचे पातळ काप करून मला घडवलं. वर काच बसवली आणि शेवटी एका अंधाऱ्या खोलीत माझ्यावर असा झगझगाट पाडला की तपासणाऱ्या बाईंना आठवडाभर स्वप्नंसुद्धा पांढरी पडली. "गुणाचा आहे हा," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता जन्मभर असाच उजेड!

आणि मला धाडलं कुठे? ढगांच्या मुलखात! तिथे ढग इतके खाली की कोंबड्या मान वाकवून चालत. ऊन पडलं तर माणसं दारात येऊन बघत, कोण पाहुणा आलाय म्हणून. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा.

घरात दोनच माणसं, आजोबा आणि त्यांची सून. सूनबाई अंडी उबवून पिल्लं विकत. त्यांचं उबवणीचं यंत्र म्हणजे कपाटाएवढी लाकडी पेटी. आत ऊब द्यायला दिवा, समोर काचेची खिडकी. ती ऊब क्षणभरही जाऊन चालत नसे. गावातली वीज मात्र लहरी. म्हणून आम्हा भावंडांना आणून दोन रांगांत उभं केलं. आमची वीज बॅटरीत जायची आणि बॅटरीतून यंत्राला मिळायची, अशी सोय.

पहिल्याच सकाळी आभाळ भरून आलं आणि आजोबा धावत आले. त्यांनी ताडपत्रीला आतून घोंगड्या शिवून भल्यामोठ्या दुलया केल्या होत्या. "दमट हवा आहे बाळांनो, बाधेल," असं म्हणत त्यांनी आम्हाला कडेपासून कडेपर्यंत झाकलं. वर दोऱ्या आवळल्या.

मी हबकलोच! अहो, ढगांतूनही उजेड झिरपतो. भर उन्हाएवढी नाही, पण वीज होतेच. पण सांगणार कसा? तोंडावर दुलई!

मग आजोबा आमची वीज मोजणाऱ्या, भिंतीवरच्या मीटरच्या काट्याकडे बोट दाखवत. "बघ सूनबाई, ढग आले की काटा शून्यावर!"

"बाबा, विकणारा तर म्हणाला होता, ढगातही चालतात."

"विकणारा काय, विहिरीतही चालतात म्हणेल! काटा काय म्हणतो ते बघ."

सूनबाई काट्याकडे बघत आणि परत अंड्यांकडे वळत. काटा खरंच बोलत होता हो. फक्त त्याचं तोंड कुणी दाबलंय, ते कुणी बघत नव्हतं. असा माझा ऐन उमेदीचा काळ घोंगडीचा वास घेण्यात गेला. "नुसती शोभेची," असं म्हणू लागले आम्हाला. मला! गुणाच्याला!

एकदा मोठं वादळ झालं. झाड कोसळून तारांवर पडलं आणि गावाची वीज गेली. आमची बॅटरी तर रिकामीच होती. दिवस उगवला तोही काळवंडलेला. यंत्रातली अंडी अगदी फुटायला आलेली. सूनबाईंनी एक अंडं कानाशी धरलं.

"बाबा, आतून टकटक करतायत हो. आता गारठली तर सगळी जातील."

त्यांनी पेटीभोवती चादरी गुंडाळल्या, स्वेटर गुंडाळले, आजोबांचा लग्नातला कोटही चढवला. तरी आतली ऊब उतरतच होती.

"बाबा, त्या दुलया आणा!"

"अगं, लेकरं उघडी पडतील! असल्या हवेत!"

"पडू द्या! ती काय अंड्यातून बाहेर यायचीत?"

आजोबांनी दोऱ्या सोडल्या. "काळोबा, सोस रे थोडं," असं पुटपुटत दुलया ओढून नेल्या.

आणि मित्रांनो, तो करडा, मळकट, ढगातून गाळून आलेला उजेड माझ्या अंगभर पसरला! उपाशी माणसाच्या ताटात कुणी वाढावं, तसं झालं मला. आम्ही सारी भावंडं एकदम कामाला लागलो. थोड्याच वेळात आतून आरोळी आली.

"बाबा! यंत्राचा दिवा लागला!"

"गावाची वीज आली असेल."

"ते बघा, झाड अजून तारांवरच लोळतंय!"

आजोबा बाहेर आले. आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग आत गेले, एक दुलई घेऊन आले आणि आमच्यावर टाकली. खिडकीतून आत डोकावले. काटा खाली. दुलई काढली. काटा वर. पुन्हा टाकली, पुन्हा काढली.

"अहो, खेळ पुरे! अंडी गारठतील!"

"अगं, पण मग इतकी वर्षं मी..."

पिल्लं फुटली. पुष्कळ फुटली. काही अंडी मात्र गप्पच राहिली. आजोबांनी ती ओंजळीत घेतली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. त्या दिवसापासून ते ढगाळ सकाळी ओलं फडकं घेऊन येतात आणि माझ्या काचेवरची कोंबड्यांची शिट पुसतात. पिल्लं आमच्या खालच्या कोरड्या जागेत हुंदडतात.

मला वाटलं, संपले धक्के. परवा लख्ख ऊन पडलं. जन्मात क्वचित मिळणारी मेजवानी! एवढ्यात आजोबा धावत आले. वायरमननं त्यांना सांगितलं होतं, पॅनेल फार तापलं की वीज थोडी कमी देतं. "तापतील रे लेकरं," म्हणत ते दुलई शोधत होते! माझी तर काचच तडकायची बाकी होती. पण दुलईवर कोंबडी अंडी घालायला बसली होती. आजोबांनी ओढायला हात घातला, तिनं कचकन चोच मारली आणि दुलई तिथेच राहिली.

मित्रांनो, आमच्यावर माया करा. धूळ पुसा, सावली करणारं गवत कापा. पण झाकायच्या आधी एकदा उघडं ठेवून बघा. कोंबडी दरवेळी वेळेवर बसलेली असेलच, असं नाही.