उजव्या चौकटीवरची मेझुझा

मित्रांनो, माझ्या अंगावर हळदकुंकवाचा एवढा थर आहे, की तुम्ही मला एखादं दैवतच समजाल. मी आहे एक जुनी मेझुझा. ज्यू लोक दाराच्या उजव्या चौकटीवर बोटाएवढी पितळी नळी ठोकतात, तीच मी. माझ्या पोटात हिब्रू प्रार्थनेची गुंडाळी आहे. येता-जाता मला बोटं लावायची आणि ती ओठांना टेकवायची, अशी रीत.

मी अलिबागकडची. तिथले ज्यू तेल गाळत, पण शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद! त्याच घराण्यातले नागावकर गुरांचे डॉक्टर होऊन कळमनुरीला आले आणि त्यांनी मला इथे ठोकलं. केवढी मिरवायचे मी! पुढे गाव सोडताना त्यांनी हे घर तांड्यावरच्या नानीबाईच्या कुटुंबाला दिलं. मला काढायला हात घातला, तर नानीबाई आडवी आली.

"डागदरसाहेब, घराची राखण कुठं नेता?"

डॉक्टरांना तिचं मन मोडवेना. ते गेले, त्यांची मुलं इस्राएलला गेली. रंगाऱ्यांनी माझ्यावरही ब्रश फिरवले, वर नानीबाईचं हळदकुंकू. आपलं माणूस विसरलं, याचं फार वाईट वाटायचं.

यंदा नानीबाईच्या मुलाने, देविदासने, लोखंडी दार करायला घेतलं. मिस्त्रीने चौकटीला पहार लावली. आता चौकटीबरोबर माझीही रवानगी चुलीत, हे मी ओळखलं.

त्याच वेळी डॉक्टरांची नात रिबका समोर उभी होती. इस्राएलमध्ये लोक तिला भारतातली म्हणत, इथे परदेशातली. आजोबांचं घर सापडलं तर आपण कुठल्या ते कळेल, या आशेने ती सकाळपासून गल्ल्या धुंडाळत होती. पण बदललेलं घर तिला ओळखू येईना. बिचारी परत फिरली.

तेवढ्यात मिस्त्रीवर ओरडत नानीबाई बाहेर आली. सवयीने तिने मला बोटं लावली आणि ओठांना टेकवली. रिबका जागीच थबकली.

"आजी, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"डागदरीणबाईनं. आमच्यात समदेच करतेत. काहून?"

"मी त्यांची नात!"

"मंग रस्त्यात काहून उभी ऱ्हायलीस? ये की घरात."

रिबकाने मला बोटं लावली. रडतच तिने ती ओठांना टेकवली. मला तर आभाळ ठेंगणं झालं!

"ताई, तुमचा देव तुमी घेऊन जा," देविदास म्हणाला.

"दादा, हा देव नाही. आत त्याची प्रार्थना आहे. आणि ती दारावरच शोभते."

देविदासने मिस्त्रीच्या हातची पहार काढून घेतली. शेजारपाजारचे गोळा झाले. पाहुणी कोण, असं एकाने विचारलं. रिबका ताठ उभी राहिली आणि तिच्या आईच्या मराठीत मोठ्याने म्हणाली, "मी ज्यू आहे. आणि या घरची आहे."

मित्रांनो, एखाद्या दारावर परकी खूण दिसली, तर उपटू नका. ती कुणाची आहे, एवढं तरी आधी विचारा. ती शोधत माणसं फार लांबून येतात.