राडारोडा

मिस्त्री फरशी बसवायचा, म्हणजे अर्धं आयुष्य गुडघ्यांवर काढलेला माणूस. जिन्यावरून घसरला तेव्हा हातात फरशीची पेटी होती. पेटी सांभाळली आणि गुडघा आपटून घेतला, असा हा शहाणा! गुडघा सुजून टम्म झाला. डॉक्टरांनी सांगितलं, फाटलेलं काही नाही, लिगामेंट ताणलंय, विश्रांती घ्या.

मिस्त्रीने विश्रांती घेतली, पण कुठवर, तर गोळीने ठणका थांबेपर्यंत. ठणका थांबला की त्याच्या लेखी गुडघा बरा. बायकोची नजर चुकवून कामावर गेला, दिवसभर गुडघे टेकून बसला आणि संध्याकाळी भिंतीला धरत घरी आला. एकदा झालं तर समजू शकतो. या बाबाने तेच पुन्हा केलं.

शेवटी बायकोने त्याला व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाईंकडे ओढत नेलं. बाईंनी गुडघ्याला उलटा हात लावून पाहिला. गरम होता.

"मिस्त्री, जुनी फरशी उखडली की लगेच नवी बसवता का?"

"छे हो. आधी राडारोडा उचलायचा."

"आत तेच चाललंय. सूज म्हणजे कामाला आलेली माणसं. आधी आलेली खराब झालेलं फोडतात, मागून आलेली राडारोडा उचलतात, मग बांधकाम. ते उरकलं की सूज आपली आपण उतरते. तुम्ही दर वेळी मध्येच नवा घाव घालताय. अशाने ती माणसं आत मुक्काम ठोकतील आणि चांगलं आहे तेही पोखरतील. मग गुडघा टेकायचं विसरा."

मिस्त्री हबकला. टेकता आलं नाही तर हातातलं कसब काय चुलीत घालायचं?

तेव्हापासून तो मुकाट्याने ऐकू लागला. घर चालवायला बायकोने एका मोठ्या इमारतीतले जिने पुसायचं काम धरलं. सकाळी बाईंनी दाखवलं तसा त्याचा पाय हळूहळू वाकवायची, सरळ करायची आणि मग कामाला जायची. हा पडल्या पडल्या खेकसायचा. चहा गार का, उशीर का. ती उलट बोलायची नाही. अलीकडे ती सावकाश चालते, घुश्श्यात असेल, असं त्याला वाटायचं. मनातून लाज वाटायची, पण कबूल करील तर मिस्त्री कसला!

सूज कमी व्हायची, जरा जास्त चाललं की परत यायची. असं करत करत गुडघ्याच्या वाटीच्या कडा दिसू लागल्या, गुडघा हाताला गार लागू लागला. बाई म्हणाल्या, आता घरी मऊ जागेवर टेकून बघा.

मिस्त्रीने गोधडीची घडी घातली आणि नुसता उभा राहिला. जन्मभर जे न बघता केलं, त्याची त्याला भीती वाटत होती.

"चला, मीपण टेकते तुमच्याबरोबर," बायको म्हणाली.

तो खाली गेला. टेकला. दुखलं नाही! हसून त्याने बाजूला पाहिलं, तर तिथे कुणी नव्हतं. बायको अर्धवट वाकून, भिंतीला धरून, ओठ आवळून तशीच थांबली होती. तिचे गुडघे त्याच्या डोळ्यांसमोर होते. कपड्याआडूनही कळत होते, इतके सुजलेले. त्याने उलटा हात लावला. चटका बसावा इतके तापले होते.

"हे कधीपासून?"

"आधी तुमचा बरा होऊ दे म्हटलं."

मिस्त्री तिथेच, गुडघ्यांवर, हमसून हमसून रडला. उद्यापासून जिने पुसायला जायचं नाही, एवढंच त्याने रडता रडता सांगितलं.