पहिल्या चौकोनातल्या टाळ्या

मित्रांनो, माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा गेला आहे आणि पाठीवरचं रबर सुतळीने बांधलेलं आहे, पण मला मोडीत काढायची घाई करू नका. मी एक बोलका टॅब आहे. झिम्बाब्वेत, मुटोकोच्या खडकाळ टेकड्यांपाशी एका शाळेत, सेकाईच्या चाकांच्या खुर्चीला जोडलेल्या फळीवर मी बसतो. सेकाईला सगळं समजतं. फक्त तिची जीभ आणि हात तिचं ऐकत नाहीत. ऐकतं ते डाव्या हाताचं एक बोट, तेही त्याच्या मर्जीने.

मी बनलो दूरच्या कारखान्यात. माझ्या काचेवर चित्रांचे चौकोन होते. चित्राला बोट लावलं की मी ते शोना भाषेत बोलून दाखवायचो. पहिला चौकोन ‘मला हवं’, दुसरा ‘नको’, मग पाणी, भूक, शौचालय. मला वापरायला कुणाला शिकवावं लागत नाही, याचा मला फार तोरा होता. वर्गशिक्षिका मुशोंगाबाई माहितीपुस्तक उलगडत होत्या, तोवर सेकाईने मला चारदा बोलकं केलं होतं. तेव्हा ती आठ वर्षांची होती.

शाळा समितीने तिला एकाच सत्रापुरतं वर्गात घेतलं होतं. समितीचे प्रमुख म्हातारे चिक्वावा. सगळं गाव त्यांना सेकुरू, म्हणजे आजोबा म्हणायचं. सेकाई शाळेत राहणार की पुन्हा आजीच्या अंगणात बसून राहणार, हे सत्र संपताना ते ठरवणार होते.

आणि पहिल्याच भेटीत मी तिचा घात केला. सेकुरू दारात आले, सेकाई हरखली, तिने बोट टेकवलं आणि मी एका अनोळखी पुरुषाच्या जाड आवाजात म्हणालो, “मला हवं. पाणी.”

त्या गावात टाळ्या वाजवून ‘झोप लागली का’ असं विचारल्याशिवाय कुणी शेजारी मीठसुद्धा मागत नाही.

“सकाळी सकाळी पहिला शब्द ‘हवं’?” सेकुरू म्हणाले. “बाई, या डब्याला वळण नाही. पोरीला असेल तेवढंही हा घालवेल.”

“चूक डब्याची आहे, सेकुरू. तिची नाही.”

“मग डबा आत ठेवा.”

मी खडूंच्या कपाटात गेलो. तीन आठवडे माझ्या अंगावर मुंग्या फिरत होत्या. मला राग सेकुरूंचा नव्हता, स्वतःचाच होता. मला बनवणाऱ्यांनी सगळा विचार केला होता, पण माणसं मागण्याआधी भेटतात, हे ते विसरले होते.

सेकाई मात्र हटून बसली. बाई वर्गात आल्या की ती फक्त कपाटाकडे बघायची. शेवटी बाईंनी मला बाहेर काढलं. सेकाईने बोट नेलं ते अगदी खालच्या, रिकाम्या चौकोनावर. माझ्याकडे तिथे शब्दच नव्हता. नुसतं टुक वाजलं. पुन्हा टुक.

“अगं, तिथे काही नाही.”

टुक.

तेवढ्यात उशिरा आलेली तिची वर्गमैत्रीण रुडो दारात गुडघे वाकवून टाळ्या वाजवू लागली. सेकाईने तिच्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या आखडलेल्या हातांकडे, आणि परत टुक. बाईंनी कपाळाला हात लावला. “कळलं गं. मीच मठ्ठ.”

दुसऱ्या दिवशी सेकाईची आजी आली. “माझ्या टाळ्या यात मावतील?”

“मावतील, आजी. फक्त जरा हळू वाजवा.”

“हळू वाजवून कुणाचा मान राहतो?” म्हणत आजीने ओंजळीसारखे हात करून अशा टाळ्या दिल्या की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. शब्द रुडोने दिले, आणि मी दोन्ही साठवून घेतलं. बाईंनी तो चौकोन सर्वांत वर ठेवला आणि ‘मला हवं’ खाली सरकलं. मग सराव. बोट घसरायचं, सेकाईला घाम फुटायचा, ती पुन्हा सुरुवात करायची. झाडावरचे आंबे पिकले तरी तिचा सराव चालूच होता.

सत्राच्या शेवटच्या सकाळी सेकुरू आले. सेकाईचं बोट निघालं आणि घसरलं. “नको,” मी म्हणालो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सेकुरू वळले, तशा बाई त्यांच्या आडव्या आल्या.

“थांबा, सेकुरू. तिचं बोट अजून वाटेत आहे.”

बोट पोचलं. टाळ्या वाजल्या. “सकाळ झाली, सेकुरू. झोप लागली का?”

म्हातारा थबकला. असं विचारल्यावर गप्प राहणं त्या गावात कुणाला जमत नाही, त्यांनाही जमलं नाही. काठी काखेत धरून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. “मला लागली, पोरी, तुला लागली असेल तर,” त्यांनी रीतीप्रमाणे उत्तर दिलं. मग म्हणाले, “या टाळ्या तुझ्या आजीच्या. मी ओळखल्या.”

तेव्हा कुठे सेकाईने खालचे चौकोन दाबले. “मला हवं. पाणी.”

सेकुरू स्वतः बादलीपाशी गेले आणि पेला तिच्या ओठांना लावून उभे राहिले. तो रिकामा झाल्यावर बाईंना म्हणाले, “पुढच्या सत्रात हिची खुर्ची खिडकीपाशी ठेवा. तिथे उजेड बरा आहे.”

याला चार वर्षं झाली. माझी बॅटरी आता दुपारपर्यंतच टिकते. नवा टॅब येणार म्हणतात, येऊ दे. मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला उन्हात टाकू नका, हे मी सांगणारच. पण तुमच्या वर्गात कुणाचं बोट वाटेत असेल, तर ते पोचेपर्यंत उठून जाऊ नका. आणि नव्या टॅबमध्ये माझं बाकी काही नाही घेतलं तरी चालेल. आजीची बोटं आता वाकडी झाली आहेत, तिला टाळ्या वाजवता येत नाहीत. माझ्यातल्या तेवढ्या टाळ्या त्याच्या पहिल्या चौकोनात ठेवा. सेकाईला त्या रोज सकाळी लागतात.